बालपणाचा पत्ता



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पहिली आणि शेवटची छडी खाल्ली, त्याच शाळेच्या सभागृहात स्मृतिव्याख्यान देण्याची संधी मला मिळावी, हा मी माझा बहुमान समजतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे विज्ञानाचे सर. आमच्या पिढीला त्यांचे एक वाक्य अजून आठवत असेल. प्रयोग संपला की ते म्हणत, "काय दिसले ते आधी सांगा. का झाले ते मागाहून बघू." पुढे मी वैद्यकाचा विद्यार्थी झालो आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ याच बडोदे शहरात छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून काम केले, परंतु इतके साधे आणि इतके कठीण शिक्षण मला नंतर कोणत्याही महाविद्यालयात मिळाले नाही. ते मला किती उशिरा उमजले, हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

आजचा विषय अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचा, आणि त्यामुळे ऐन उमेदीच्या वयात होणाऱ्या कर्करोगाचा इतिहास हा आहे. शाळेच्या समारंभात असा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या जुन्या प्रयोगशाळेत होते. बन्सनच्या दिव्यावर चंचुपात्र ठेवण्याआधी आपण तिवईवर तारेची एक जाळी ठेवत असू. तिच्या मध्यभागी पांढरा गोल लेप असे. जाळी जुनी झाली की त्या लेपाचे पापुद्रे सुटत. आम्ही मुले ते नखाने खरवडून फुंकर मारून उडवीत असू. तो लेप अ‍ॅस्बेस्टॉसचा होता. यात सरांचा दोष नव्हता. त्या काळी जगभरच्या शाळांत तीच जाळी होती. दोष कोणाचा, हा प्रश्न मी मागाहून घेईन. सरांच्या शिस्तीप्रमाणे आधी काय दिसले ते सांगतो.

माझ्या वर्गात माझा एक जिवलग मित्र होता. त्याचे नाव मी सांगणार नाही. त्याच्या घरची मंडळी आज हयात आहेत. दांडिया बाजाराच्या मागच्या एका वाड्यात ते राहत. त्याचे वडील एका गिरणीच्या बॉयलर-विभागात कामाला होते. वाफेच्या नळांवर आणि बॉयलरच्या अंगावर उष्णता कोंडून ठेवण्यासाठी लेप चढवायचा, आणि जुना लेप फोडून काढायचा, हे त्यांचे काम. संध्याकाळी काका घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया आणि मनगटावरचे केस पांढरे झालेले असत. काकू मागच्या चौकात त्यांचे कपडे दांडीवर टाकून काठीने झोडपीत. त्या चौकातच आमचा विटीदांडूचा आणि गोट्यांचा डाव चाले. मित्र तिथे रांगला, तिथेच वाढला. मी शाळा सुटल्यावर तासभर असे.

१९६३ साली आम्ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो. तो बँकेत कारकून झाला, मी वैद्यकाकडे वळलो. काका पुढे दम लागून गेले. घरात सगळे त्याला दमाच म्हणत. १९८३ साली मित्र माझ्या दवाखान्यात आला. वय ३७. उजवी बाजू जड वाटते, जिना चढताना धाप लागते. क्ष-किरण चित्रात उजव्या छातीत पाणी दिसले. मी ते काढले. आपल्या देशात तरुण माणसाच्या छातीत पाणी दिसले की वैद्याच्या तोंडी पहिले नाव क्षयाचे येते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. मी क्षयावरील औषधे सुरू केली. पाणी पुन्हा भरले, पुन्हा काढले. सात महिने गेले. अखेर मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात फुप्फुसावरणाचा तुकडा तपासला गेला आणि निदान आले : मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा कर्करोग. अहवालाच्या खाली तपासणाऱ्याने एक ओळ लिहिली होती : रुग्णाचा अ‍ॅस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता काय? मी माझा केसपेपर उघडला. व्यवसाय या रकान्यात माझ्याच हस्ताक्षरात लिहिले होते, 'बँकेत नोकरी'. मी उत्तर धाडले की संबंध नाही.

ते उत्तर टपालात पडल्यावर दोन दिवसांनी मी काकूंना भेटायला गेलो. बोलता बोलता काकांचा विषय निघाला. काकू म्हणाल्या, "त्यांचे कपडे झटकल्याशिवाय पाण्यात घालता येत नसत रे. दगडाचा कापूस तो. पाण्यात गेला की चिखल व्हायचा." मी तिथेच, त्या चौकाच्या पायरीवर बसून राहिलो. तो पांढरा कापूस मी हजार वेळा पाहिला होता. दिसले होते सगळे. सांगितले काहीच नव्हते. १९८४ च्या उन्हाळ्यात माझा मित्र गेला.

त्यानंतर मी या रोगाचा इतिहास वाचू लागलो. वैद्यकात 'इतिहास' या शब्दाला एक विशेष अर्थ आहे. रुग्णाला प्रश्न विचारून त्याची हकीकत नोंदवणे, याला आम्ही इतिहास घेणे म्हणतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा इतिहास वाचताना मला दिसत गेले ते असे की, हा सारा इतिहास म्हणजे न विचारलेल्या एका प्रश्नाची कथा आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ न विझणारे. हा दगड सुतासारखा पिंजता येतो, विणता येतो, आणि जळत नाही. वाफेच्या यंत्रांचे युग आले तसे या गुणांना सोन्याचे मोल आले. १८९८ साली इंग्लंडमधील महिला कारखाना-निरीक्षकांच्या अहवालात ल्यूसी डीन या निरीक्षकेने या धुळीचे काचेसारखे अणकुचीदार कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि ते अपायकारक ठरले आहेत, अशी नोंद केली. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. माँटेग्यू मरी यांच्याकडे तिशीतला एक कामगार आला. तो ज्या पिंजण खात्यात काम करी, तिथे मुळात दहा जण होते. त्यांतला एकटा तोच जिवंत होता. बाकीचे सारे तिशीच्या आसपासच गेले होते. डॉ. मरींनी ही हकीकत १९०६ साली सरकारी समितीपुढे सांगितली. तरुण माणसांच्या मृत्यूपासूनच या इतिहासाचा आरंभ झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९२४ साली रॉचडेल येथे नेली कर्शॉ ही स्त्री वयाच्या ३३ व्या वर्षी मरण पावली. बाराव्या वर्षी, म्हणजे आज आपल्या सहावी-सातवीतल्या मुली ज्या वयाच्या असतात त्या वयात, ती गिरणीत कामाला लागली होती, आणि पुढे अ‍ॅस्बेस्टॉस सूत कातीत होती. मालकांनी जबाबदारी नाकारली. तिच्या फुप्फुसाची तपासणी डॉ. विल्यम कुक यांनी केली आणि त्याच वर्षी ती प्रसिद्ध केली. १९२७ साली त्यांनीच या रोगाला अ‍ॅस्बेस्टॉसिस हे नाव दिले. १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगार तपासून ९५ जणांत फुप्फुसे घट्ट झाल्याची लक्षणे दाखवली, आणि १९३१ साली ब्रिटिश सरकारने धूळ आवरण्याचे नियम केले. हे नियम महत्त्वाचे होते. परंतु ते कारखान्याच्या आतील खात्यांपुरते होते. धूळ मात्र दरवाजापाशी थांबत नव्हती. कामगाराच्या कपड्यांवर बसून ती घरी जात होती, खिडकीतून रस्त्यावर पडत होती. आणि अजून कोणी कर्करोगाचे नाव ठामपणे घेतलेले नव्हते. ते १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी घेतले : वीस वर्षे वा अधिक काळ धुळीत काम केलेल्या पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दहापट होते.

आता मी तुम्हांला दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली या गावी नेतो; कारण तिथे जे घडले ते माझ्या अपराधाशी फार जवळचे आहे. किंबर्लीला क्षयरोग्यांचे एक रुग्णालय होते. तेथील डॉ. स्लेग्ज यांच्या लक्षात आले की, छातीत पाणी झालेले काही रुग्ण क्षयाच्या औषधांना दाद देत नाहीत; आणि हे रुग्ण शहराच्या पश्चिमेकडून येतात. पश्चिमेला अ‍ॅस्बेस्टॉसचे डोंगर होते, निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. जोहान्सबर्गचे विकृतिशास्त्रज्ञ ख्रिस वॅग्नर, डॉ. स्लेग्ज आणि शल्यचिकित्सक मर्चंड या तिघांनी या रुग्णांचा माग काढला. १९६० साली त्यांनी ३३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली : २२ पुरुष, ११ स्त्रिया, वये ३१ ते ६८. त्यांतील एक सोडून सर्वांचा निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आल्याचे दिसत होते. पण तो संबंध कसा कळला? रुग्णांना व्यवसाय विचारून तो कळला नसता; कारण त्यांतील कित्येकांनी खाणीत कधीच पाऊल टाकले नव्हते. त्यांना विचारावे लागले की, तुमचे लहानपण कुठे गेले? आणि मग उत्तरे येऊ लागली. खाणीच्या परिसरात गेले. दगडाच्या ढिगाऱ्यांशेजारी गेले.

१९६० साली हे छापले गेले. १९८३ साली मी क्षयाची औषधे देत होतो. क्षयाच्या औषधांनी न हटणारे पाणी, आणि बालपणाचा पत्ता : दोन्ही गोष्टी २३ वर्षांपूर्वीच्या त्या निबंधात होत्या.

लंडनच्या म्यूरिअल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्प्सन यांनी १९६५ साली हाच प्रश्न शहरात विचारला. मेसोथेलिओमाच्या ज्या ७६ रुग्णांची पूर्ण हकीकत मिळाली, त्यांपैकी ४० जणांचा संबंध कामातून किंवा घरातील कामगारामुळे आला होता. उरलेल्या ३६ जणांपैकी ११ जण अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले होते. पहिल्या संपर्कापासून अखेरच्या आजारापर्यंतचे अंतर १६ ते ५५ वर्षे होते. या आकड्यांतच तरुण वयातील रोगाचे गूढ उकलते. हा रोग सावकाश पिकणारा आहे. वयाच्या पंचविशीत नोकरीला लागलेल्या कामगाराला तो साठीत वा सत्तरीत गाठतो. एखाद्याला तो पस्तिशीत गाठत असेल, तर बहुधा घड्याळ पाळण्यात सुरू झालेले असते.

या घड्याळाचे सर्वांत विदारक उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटेनूम हे गाव होय. पिलबारा प्रदेशात, हॅमर्सली डोंगररांगेच्या एका घळीत निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसची खाण होती. साखरेच्या धंद्यात मोठ्या झालेल्या एका कंपनीच्या उपकंपनीने ती १९४३ पासून १९६६ पर्यंत चालवली. सुमारे ७,००० कामगार तिथे येऊन गेले. त्यांत युद्धानंतर युरोपातून आलेले स्थलांतरित पुष्कळ होते. बायकामुले धरून सुमारे २०,००० माणसे त्या गावात कधी ना कधी राहिली. जमीन लाल, उन्हाळा कडक, धूळ फार. ती बसावी म्हणून खाणीतला टाकाऊ चुरा रस्त्यांवर पसरला गेला, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पसरला गेला, घरांच्या अंगणात आणि शाळेच्या पटांगणात पसरला गेला. लाल मातीपेक्षा तो स्वच्छ दिसे. आयांनी कौतुकाने त्यात मुलांना खेळायला सोडले.

डॉ. एरिक सेंट यांनी १९४८ साली तेथे जाऊन सरकारला कळवले होते की, या खाणीतून अ‍ॅस्बेस्टॉसिसचे अभूतपूर्व पीक येणार आहे. १९५९ पासून डॉ. जिम मॅकनल्टी यांनी इशारे दिले. १९६२ साली विटेनूमच्या एका कामगाराला झालेल्या मेसोथेलिओमाची नोंद त्यांनीच प्रसिद्ध केली. खाण १९६६ साली बंद झाली ती इशाऱ्यांमुळे नव्हे, तोट्यामुळे. मागे तीस लाख टनांहून अधिक टाकाऊ माल पडून राहिला. तेथील भूमी ज्यांची पूर्वापार, ते बंजिमा लोक आजही आपल्या घळीत निर्धास्त जाऊ शकत नाहीत. २००७ साली नकाशावरून गावाचे नाव काढले गेले, २०२२ साली गाव कायमचे बंद करण्यासाठी कायदा झाला आणि त्यानंतर उरलेली घरेही पाडण्यात आली.

संशोधकांनी विटेनूममध्ये पंधराव्या वर्षाच्या आत राहून गेलेल्या २,४६० मुलांचा माग काढला. ही मुले पुढे देशभर विखुरली, शिक्षिका झाली, सुतार झाली, आया झाल्या. त्यांच्यात मेसोथेलिओमाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. येथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण करुणेच्या भरात सत्याला फाटा देणे सरांना रुचले नसते. विटेनूममध्ये लहानपणी राहिलेल्यांत या रोगाचे प्रमाण, तिथे मोठेपणी राहायला आलेल्यांपेक्षा अधिक नव्हे, तर कमी दिसले. मग बालपणाला मी एवढे महत्त्व का देतो? मुलाचे फुप्फुस अधिक नाजूक असते म्हणून, असे सिद्ध झालेले नाही. कारण साधे अंकगणिताचे आहे. मुलापुढे आयुष्य अधिक उरलेले असते, आणि पहिल्या संपर्कानंतर जितकी वर्षे जातात तितका या रोगाचा धोका चढत जातो. ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने २०१३ साली मांडलेला हिशेब असा : तेवढाच संपर्क पाचव्या वर्षी आला, तर आयुष्यभराचा धोका पंचविसाव्या वर्षी संपर्क आलेल्यापेक्षा सुमारे साडेतीन पट, आणि तिसाव्या वर्षी आलेल्यापेक्षा सुमारे पाच पट होतो. विटेनूमच्या मुलांचाही हिशेब अजून पुरा झालेला नाही.

आणखी एक सावधगिरी. तरुण वयात मेसोथेलिओमा होणे हे विरळाच आहे, आणि असा प्रत्येक रोगी अ‍ॅस्बेस्टॉसचाच असे म्हणता येत नाही. तुर्कस्तानात कॅपाडोशिया भागातील कराइन या खेड्यात १९७४ साली झालेल्या १८ मृत्यूंपैकी ११ मेसोथेलिओमाने झाले होते. डॉ. इझेत्तिन बारिश यांनी शोध घेतला तेव्हा दोषी निघाले ते एरिओनाइट नावाचे दुसरेच तंतुमय खनिज. तेथील घरे ज्या दगडाची, त्या दगडातच ते होते. तेथेही जन्मापासूनचाच संपर्क होता. पुढे २०११ साली असे दिसून आले की, बीएपी-१ नावाच्या जनुकात जन्मजात दोष असलेल्या घराण्यांत हा रोग अधिक होतो, आणि तोही तरुण वयात. माझ्या मित्राच्या घरात असे काही होते काय? ते तपासण्याचे साधन १९८४ साली नव्हते. त्याच चौकात मीही खेळलो. तो गेला, मी आज ऐंशीच्या उंबरठ्यावर तुमच्यापुढे उभा आहे. याचे कारण माझे शास्त्र मला सांगू शकत नाही.

१९९५ साली दोन निकाल लागले. ते शेजारी शेजारी ठेवून वाचावेत असे मला नेहमी वाटते. पहिला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा, २७ जानेवारीचा. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉस-कामगारांसाठी याचिका केली होती. न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे मागाहून येईल तोवर जपण्याचा आदेश दिला. रोग आढळलेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाईची तरतूद केली. गुजरातच्या एका संस्थेने मिळवलेला हा निर्णय आपण अभिमानाने सांगावा असा आहे.

दुसरा निकाल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील लीड्स शहरात लागला. तेथील आर्मली भागात जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स यांचा अ‍ॅस्बेस्टॉस-कारखाना होता. त्याची धूळ आसपासच्या गल्ल्यांत बर्फासारखी पडे, आणि मुले तिचे गोळे करून एकमेकांवर फेकीत. जून हॅनकॉक त्या मुलांपैकी एक. तिने कारखान्यात एक दिवसही काम केले नव्हते. तिची आई १९८२ साली मेसोथेलिओमाने गेली; तिचे स्वतःचे निदान बारा वर्षांनी झाले. ती तरुण नव्हती, साठीकडे झुकलेली होती. परंतु तिचा खटला तिच्या बालपणाचा होता. न्यायालयाने मान्य केले की, कारखानदाराचे उत्तरदायित्व त्याच्या कुंपणाबाहेर खेळणाऱ्या मुलापर्यंत पोहोचते. १९९७ साली ती वारली.

नेली कर्शॉची गिरणी आणि आर्मलीचा कारखाना हे दोन्ही ज्या टर्नर अँड न्यूऑल या उद्योगसमूहात होते, त्याच समूहाने १९३४ साली मध्य भारतात कैमोर येथे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा कारखाना उभा केला, आणि पुढे मुंबईत घाटकोपरला ब्रेकचे अस्तर बनवण्याचा. म्हणजे रॉचडेलची गोष्ट परक्या देशाची राहत नाही. झारखंडमध्ये चाईबासाजवळ रोरोच्या टेकड्यांत १९८३ साली अ‍ॅस्बेस्टॉसची खाण बंद पडली. सुमारे सात लाख टन टाकाऊ माल उघड्यावर सोडून दिला गेला, आणि खाली हो आदिवासींची गावे आहेत. विटेनूमचीच ही धाकटी बहीण. मात्र तिथल्या मुलांचा माग काढणारा कोणी संशोधक मला आढळला नाही. कामगाराच्या नोंदी चाळीस वर्षे जपा, असे आपल्या न्यायालयाने सांगितले. कामगाराच्या मुलाची नोंद ठेवायची, हे अजून आपण कोणी सांगितलेले नाही.

जगातील साठांहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, दक्षिण आफ्रिकेने २००८ मध्ये. आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात आणि सिमेंटच्या पत्र्यांतील त्याचा वापर चालू आहे. पत्रे बनवणारे म्हणतात की, पांढरा प्रकार निळ्याइतका घातक नाही, आणि सिमेंटमध्ये तंतू घट्ट बसलेले असतात. दोन्ही विधानांत तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळा प्रकार अधिक मारक आहे. अभंग पत्र्याखाली बसल्याने कोणी आजारी पडत नाही. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्वच प्रकार मानवाला कर्करोगकारक ठरवले आहेत. आणि पत्रा कायम अभंग राहत नाही. तो कापतात, त्याला भोके पाडतात, वादळात तो फुटतो; आणि आपल्या बडोद्यात माकडे त्यावर उड्या मारतात, हे मी तुम्हांला सांगायला नको.

सभागृहात येताना मी आपल्या सायकल-स्टँडवरचे जुने पत्रे पाहिले. दोन फुटलेले आहेत, आणि त्यांचे तुकडे भिंतीशी रचून ठेवले आहेत. तिथे लहान मुले लगोरी खेळत होती. मी कोणाला दोष देत नाही. मी स्वतः सात महिने चुकीचे औषध दिलेला माणूस आहे. परंतु सरांच्या नावाने बोलत असल्यामुळे काही विनंत्या करण्याचा अधिकार घेतो. ते तुकडे हातोडीने फोडू नयेत, कोरड्या झाडूने झाडू नयेत. पाणी मारून ओले करावेत, जाड पिशवीत बांधावेत, आणि महानगरपालिकेला विचारून योग्य जागी पोहोचवावेत. पत्रे उतरवायचे ते सुटीत, मुले नसताना, आणि माहितगार माणसांकडून. नवे छप्पर घालताना दुसरा पर्याय घ्यावा. त्याला खर्च अधिक येईल, आणि तो आम्ही माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. माझा वाटा मी आज मुख्याध्यापकांच्या हाती दिला आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात जुन्या जाळ्या उरल्या असतील, तर त्याही याच रीतीने काढाव्यात. आणि ज्यांचे वडील वा आजोबा अशा धुळीत राबले, त्या माजी विद्यार्थ्यांनी धूम्रपान आजच सोडावे. धूम्रपानाचा मेसोथेलिओमाशी संबंध नाही. पण १९७९ साली सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने सुमारे पाचपट, नुसत्या धूम्रपानाने सुमारे दहापट, आणि दोन्ही एकत्र आल्यास पन्नासपटींहून अधिक होतो. छातीत पाणी झाले आणि औषधाने ते हटले नाही, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना आपणहून सांगा की, आम्ही लहानपणी कुठे राहत होतो आणि वडील काय काम करीत होते.

१९८४ नंतर मी माझे केसपेपर नव्याने छापून घेतले. नाव, वय, व्यवसाय यांच्याखाली दोन ओळी वाढवल्या : वडिलांचा व्यवसाय, आणि बालपणाचा पत्ता. पुढच्या तीस वर्षांत त्या ओळींनी मला निदानाकडे नेले असे रुग्ण चार. चारांपैकी एकही वाचला नाही. या रोगावर खात्रीचा उपाय आजही नाही. परंतु त्यांच्या घरच्यांना आपला माणूस कशाने गेला ते कळले. दोघांच्या भावंडांची वेळीच तपासणी झाली, आणि एका घरातील वृद्ध वडिलांच्या मनातले, मुलाला आपले काही पाप भोवले हे ओझे उतरले. त्यांना मी सांगू शकलो की, पाप तुमचे नव्हते. तुम्हांला कोणी सांगितले नव्हते.

काकूंना मात्र मी हे कधी सांगितले नाही. कपडे तुम्ही झोडपीत होता, एवढे वाक्य माझ्याने उच्चारवले नाही. त्या १९९८ साली गेल्या. सर, काय दिसले ते मी आज सांगितले. उशिरा सांगितले, त्याबद्दल क्षमा असावी.